मिथेनॉलच्या मागची टेकडी

दिघे मॅडमनी दोन चार्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक आमच्या लॅबचा, एक त्यांच्या. बॅच तीच. आमच्या चार्टवर एक छोटी टेकडी आणि पुढे सरळ रेघ. त्यांच्या चार्टवर तीच टेकडी, मग बरीच लांब रेघ, आणि शेवटाकडे अजून एक टेकडी. मॅडमनी त्या दुसऱ्या टेकडीवर पेन टेकवलं.

"हे काय आहे, आपण सांगाल का?"

मला सांगता आलं नाही. सौंसरहून इंदूरला येईस्तोवर रस्ताभर मी तोच विचार करून राहिली होती, आणि डोकं रिकामंच होतं.

मी सौंसरजवळच्या एका कारखान्यात क्यूसी बघते. क्यूसी म्हणजे क्वालिटी कंट्रोल. सोप्या भाषेत, माल गेटबाहेर जायच्या आधी त्यात खोट काढायचा मला पगार मिळतो. त्यामुळे प्रॉडक्शनच्या लोकांत मी फारशी लाडकी नाही, आणि त्याचं मला काही वाटतही नाही. आम्ही मिथाइल पॅराबेन बनवतो. पांढरी पावडर असते. औषधाच्या सिरपमध्ये ती अगदी थोडी घालतात. बाटलीचं झाकण एकदा उघडलं की आत बुरशी आणि जंतू शिरू बघतात, त्यांना ती वाढू देत नाही. लोणच्यात मीठ जे काम करतं तेच.

हा माल दिघे मॅडमच्या कंपनीत लेकरांच्या सिरपमध्ये जाणार होता. लेकरांच्या सिरपचं नाव काढलं की आमच्या भागात आता माणसं गप्प होतात. विषारी सिरप पिऊन इथली लेकरं गेली, ते कोणी विसरलेलं नाही. म्हणून दिघे मॅडम एवढ्या कडक होत्या याचा मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असती तर याहून वाईट बोलली असती.

पॅराबेनच्या बऱ्याच टेस्ट असतात. किती तापमानाला वितळतं, आंबटपणा किती, शुद्धता किती. त्यातली एक म्हणजे उरलेल्या सॉल्व्हंटची. पॅराबेन बनवायला मिथेनॉल लागतं. ते विषारी, म्हणून शेवटी पावडरीत ते नावालाच उरलं पाहिजे. त्यासाठी पावडर बंद शिशीत तापवतात आणि वर जमलेली वाफ जीसी नावाच्या मशीनमध्ये सोडतात. वाफेत जे जे असेल ते आपापल्या वेळेला बाहेर पडतं आणि चार्टवर टेकडी उमटते. आम्ही तिला पीक म्हणतो. पहिलं पीक मिथेनॉलचं होतं, अगदी मर्यादेत. दुसरं कोणाचं, ते कोणालाच माहीत नव्हतं.

दिघे मॅडम त्या कंपनीची क्वालिटी बघतात, इंदूरच्या मराठी. बोलणं इतकं सभ्य की रागावल्या तरी 'आपण' सुटत नाही. त्यांनी सभ्यपणेच विचारलं, आपण प्रोसेस बदलली का? नवं सॉल्व्हंट घातलं आणि कळवायचं राहिलं का? मी म्हटलं, नाही. आमच्याकडे प्रत्येक बॅचचा एक नमुना जपून ठेवतात, त्याला रिटेन सॅम्पल म्हणतात. तक्रार आल्या आल्या मी तो पुन्हा तपासला होता आणि तो स्वच्छ निघाला होता.

"तेच तर," मॅडम म्हणाल्या. "नमुना स्वच्छ आणि माल वेगळा. याचा अर्थ मी काय घ्यावा?"

अर्थ सरळ होता. आम्ही दाखवायला एक ठेवतो आणि विकतो दुसरं. सर्टिफिकेटवर सही माझी. एवढ्या वर्षांत मला कोणी चोर म्हटलं नव्हतं, आणि त्या बाईनेही शब्द तोंडातून काढला नाही, पण माझे कान गरम झाले. ही कंपनी आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांनी व्हेंडर लिस्टमधून नाव काढलं असतं तर आमची एक अख्खी शिफ्ट घरी बसली असती. लोधीखेड्याच्या, सौंसरच्या घराघरातली माणसं आहेत ती.

मी म्हटलं, मला ड्रम बघू द्या.

त्यांच्या गोडाऊनचे इन्चार्ज खवसेभाऊ. मूळचे लोधीखेड्याचे, नोकरीपायी इंदूरचे झालेले. मी गेली की दरवेळी गावाकडची खबरबात विचारतात, कपाशी कशी आहे, पाऊस कसा झाला. त्या दिवशी त्यांनी काहीच विचारलं नाही. मुकाट्याने ड्रम पुढे ओढले. आमचे ड्रम जाड पुठ्ठ्याचे असतात, आत पॉलिथिनच्या दोन पिशव्या आणि त्यात पावडर. त्यांनी पिशवीची गाठ सोडली, मी वाकली, आणि मला आमच्या कारखान्याची बस आठवली.

आमच्याकडे आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचा हंगाम, निघाला की ज्याच्या त्याच्या पिशवीत संत्री. बसमध्ये साली, कॅन्टीनमध्ये साली, सिक्युरिटीच्या टेबलावर साली. सगळ्या प्लांटला तो वास असतो, म्हणून आम्हाला तो येतच नाही. इंदूरच्या त्या धुतल्या-पुसल्या गोडाऊनमध्ये मात्र तो चांगला कळला.

मी आनंदाने वळली. मॅडम, हा संत्र्याच्या सालीचा वास आहे, सालीतलं तेल पॉलिथिनमधून आत शिरतं, ते पीक त्या तेलातल्या लिमोनीनचं असणार. केवढी हुशारी केली असं वाटलं मला.

दिघे मॅडमनी शांतपणे विचारलं, "आपण व्हेसल कशाने धुता?"

घ्या. संत्र्याच्या तेलाचं क्लीनर बाजारात मिळतं, चिकटा काढायला कारखान्यांत वापरतात. म्हणजे आता आमच्यावर भांडी नीट न धुतल्याचाही संशय. मी स्वतःच त्यांच्या हातात काठी दिली होती.

बाहेर येऊन मी कळंबे साहेबांना फोन लावला. कळंबे साहेब आमचे प्लांट हेड. पांढुर्ण्याचे, तिगावकडे त्यांचा संत्र्याचा बगिचा. माणूस असा की कोणी पाणी प्यायला आलं तरी जाताना त्याच्या हातात पिशवी देईल. तक्रार आली तेव्हा त्यांना, डिस्पॅचला, ड्रायव्हरला, सगळ्यांना आम्ही विचारलं होतं, गाडीत दुसरा माल होता का? सगळे नाही म्हणाले होते.

"साहेब, गाडीत संत्रे होते का?" मी विचारलं.



"होते ना," ते म्हणाले. "खवसेसाठी न् तिथल्या पोरांसाठी ड्रमावर ठेवून धाडले चार कॅरेट. गाडी तं जाऊनच राहिली होती. पर तो माल थोडी हाये, ताई? ते तं घरचं हाये."

आमच्याकडचा एकही माणूस त्यांना चूक म्हणणार नाही. बहारात इंदूरला गाडी निघाली आणि तिच्यात संत्री नाहीत, असं झालं तर लोक विचारतील, काऊन बापा, काही बिनसलं का? ड्रायव्हर खोटं बोलला नव्हता, साहेबही नाही. संत्री कोणाच्या मोजणीतच नव्हती.

मग साहेबांचा आवाज बदलला. खवसेंच्या कंपनीत सप्लायरकडून काही घ्यायची सक्त मनाई आहे, फुलाची पाकळीसुद्धा नाही. "माझं नाव सांगा, लिहून देतो," साहेब म्हणाले. "खवसेचं नका काढू. त्याची नोकरी जाईन."

मी आत येऊन सांगितलं, आमच्या प्लांट हेडनी गाडीत ड्रमांवर संत्री ठेवली होती, आमची चूक आहे. दिघे मॅडमनी गोडाऊनची माल उतरवल्याची पावती तपासली. ड्रम कोरडे आणि स्वच्छ, असं त्यावर होतं. त्यांनी विचारलं, संत्री इथे कोणी उतरवली? मी म्हटलं, ते मी सांगू शकत नाही.

"मग माझ्याकडे फक्त आपला शब्द आहे," त्या म्हणाल्या, "आणि तो आपल्या सोयीचा आहे. माफ करा, नाव काढायचं पत्र आजच जाईल."

त्या चुकीचं बोलत नव्हत्या. मी चार्ट गोळा करायला घेतले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांना दिसू नये म्हणून कागद उगाच सारखे करत बसली.

खवसेभाऊ नमुन्याच्या बाटल्या घेऊन दारात उभे होते. केव्हापासून, ते मला माहीत नाही. त्यांनी बाटल्या टेबलावर ठेवल्या.

"मॅडम, संत्रे मी उतरवले," ते म्हणाले. "खालचे पिचकले होते, ड्रमावर रस सांडला होता. म्या ड्रम पुसून घेतले न् कोरडे म्हणून लिहिलं. ताईचं काही खोटं नाही."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांच्या मुलीचं कॉलेज चालू होतं, घराचा हप्ता चालू होता, हे मला ठाऊक होतं. ते गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं. आमचं नाव गेलं असतं, त्यांचं काहीच गेलं नसतं.

दिघे मॅडमनी त्यांना बसायला सांगितलं आणि पाणी मागवलं. तरीही त्या नुसत्या गोष्टीवर विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या, आणि त्याबद्दल मी त्यांचे आजही आभार मानते. त्यांनी आमच्या रिटेन सॅम्पलची पावडर तशाच दोन पिशव्यांत बांधली, बाजारातून संत्री आणवली, चेपून पिशवीभोवती ठेवली आणि डबा बंद केला. काही दिवसांनी ती पावडर जीसीवर लावली. मिथेनॉलच्या मागे, त्याच जागी, तीच टेकडी उभी राहिली. शुद्ध लिमोनीन लावून पाहिलं, तेही तिथेच. वरच्या रांगेतले ड्रम त्यांनी परत पाठवले. बाकीचे एकेक तपासून घेतले. आमचं नाव लिस्टवर राहिलं.

कळंबे साहेबांनी रिपोर्टमध्ये स्वतःची चूक स्वतःच्या हाताने लिहिली, दुसऱ्या कोणावर ढकललं नाही. खवसेभाऊंना मेमो मिळाला. नोकरी राहिली, कारण दिघे मॅडमनी वरिष्ठांपुढे सांगितलं की या माणसाने स्वतःहून सांगितलं नसतं तर आपण एका चांगल्या सप्लायरला चोर ठरवलं असतं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, मला दुसरीकडून कळलं. अशी माणसं कामात भेटतात म्हणून एवढी वर्षं ही नोकरी केली, नाहीतर वास घ्यायला आणि लोकांच्या चुका काढायला कोणाला हौस असते?

आता आमच्या गाडीत ड्रमांशिवाय काही जात नाही. ताडपत्री बांधायच्या आधी कळंबे साहेब स्वतः आत चढून बघतात. आणि मी चौकशीत 'दुसरा माल होता का' असं विचारणं सोडलं. आता विचारते, गाडीत काय काय होतं, घरचं धरून सगळं सांगा. अर्धे घोळ तेवढ्यानेच सुटतात.

पुढच्या बहारात खवसेभाऊ गावी आले तेव्हा साहेबांनी त्यांना आणि मला तिगावच्या बगिच्यात बोलावलं. पोटभर खाणं झालं. निघताना साहेबांनी सवयीने एक कॅरेट उचललं आणि खवसेभाऊंच्या स्कूटरकडे निघाले. मी काही बोलायच्या आत भाऊंनी ते हातातून घेऊन झाडाखाली ठेवलं. मग परत बसले, एक संत्रं उचललं आणि सोलायला लागले.

"इथंच खातो, साहेब," ते म्हणाले. "घाई कायची हाये?"