मामांचा ओरिजिनल एक्सल

माझ्या मामेसासऱ्यांइतकं हट्टी माणूस भिवंडीपासून वाड्यापर्यंत दुसरं नाही, आणि असलंच तर ते त्यांच्या मोटारीत मागच्या सीटवर बसलेलं असतं. त्या माझ्या मामेसासूबाई.

मामांनी उभी हयात भिवंडीत पॉवरलूमचा फिटर म्हणून काढली. त्या खडखडाटात कान निम्मे गेले, त्यामुळे घरातही ते पलीकडच्या शेडमधल्या माणसाशी बोलावं तसं बोलतात. जेवताना मीठ मागितलं की शेजारच्या घरातूनही मीठ येतं. कुठलंही यंत्र कुरकुरलं की स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राला, मूठ कानाला आणि डोळे मिटलेले. एकदा दुपारी मी झोपलो असताना माझ्या छातीलाही लावला आणि गरजले, "जावईबापू, टायमिंग बरोबर हाय!" निदान काहीही निघो, औषध एकच: लूमचं पातळ तेल. बिजागरीला तेच, शिलाई मशीनला तेच. मामींच्या गुडघ्यांनाही एकदा चोळलं. आठ दिवस मामी लूमच्या शेडसारख्या दरवळत होत्या. गुडघे मात्र जागचे हलले नाहीत.

मोटार म्हणजे त्यांच्या जुन्या शेठने मोडीत काढलेली, गोल पाठीची, माझ्याहून वयाने मोठी बाई. मामांनी बाहेरचा एकही भाग न लावता ती पुन्हा चालती केली. एसटीची पायरी मामींना चढवत नाही, म्हणून दर रविवारी तिच्यातून वज्रेश्वरीला, गरम पाण्याच्या कुंडावर गुडघे शेकायला. तिचा मागचा एक्सल असा घुमायचा, की एरवी मामा एकटेच कुठे गेलेले असले, तर संध्याकाळी अंबाडी नाक्यावर गाडी वळली की घरात मामी चहाचं आधण ठेवायच्या. मामा उंबऱ्यात आणि चहा कपात, एकाच वेळी.

गेल्या हिवाळ्यात त्या घुमण्याचा आक्रोश झाला. वज्रेश्वरीच्या वाटेवर गाडी बसली आणि मामी कांद्याच्या टेम्पोतून घरी आल्या. भिवंडीहून मिस्त्री आला, मामांचा जुना दोस्त. म्हणाला, "मामा, ओरिजिनल का शौक छोडो. टेम्पोचा एक्सल बसवतो, मक्खन चलेगी."

"मंग टेम्पोच घेतो की! ह्यो काढला तर गाडी ऱ्हाते का?"

मामींनी आतून संधी साधली. "आणि माझं गुडघं बदला म्हनून डाक्टरच्या मागं लागलाव ते? माझंबी ओरिजिनलच हाय!"

यावर मामांना खरोखरच ऐकू आलं नाही, की त्यांनी तसं ठरवलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

दोन महिने गाडी अंगणात विटांवर आणि मामी ओसरीत खाटेवर. शेकणं बंद झालं तसं दुखणं वाढलं. पुढे पुढे तर मामी भिंत धरून स्वयंपाकघरात जायच्या आणि मामा विटांवरच्या गाडीकडे बघत बसायचे. शेवटी त्यांनीच मिस्त्रीला फोन केला: एक्सल उघड, पण दुरुस्तच कर. मिस्त्रीबरोबर मामाही गाडीखाली उताणे पडले. झाकण निघालं, पाण्यासारखं काळं तेल गळलं. मिस्त्रीने ते बोटांत चोळलं, हुंगलं.

"मामा, ये तो लूम का तेल है! इसको गाढा तेल लगता है. आतल्या गिअरचे दात सगळे घासले, काही राहिलंच नाही."

गाडीखालून मामांचे फक्त पाय दिसत होते. आता आरोळी येणार म्हणून मी कान झाकायच्या तयारीत. आवाज आला तो इतका हळू, की मला वाकावं लागलं.

"बदल, बाबा. जपता जपता मीच मारला त्याला."

मामी भिंत धरून दारापर्यंत आल्या होत्या. "अहो, निघा भाईर. तुमी एक्सल बदला, मी गुडघं बदलते."

दोन्ही बदललं. जुना एक्सल पुसूनबिसून खाटेखाली ठेवलाय. दसऱ्याला लूमच्या पान्यांबरोबर त्यालाही हळदकुंकू मिळालं. गाडी मात्र आता अशी मुकाट येते, की पहिल्या संध्याकाळी मामा उंबऱ्यात पोचले तरी चहाचा पत्ता नव्हता. बिचारे रिकाम्या कपाकडे बघत बसले.

तेव्हापासून संध्याकाळ झाली की मामी फाटकात येऊन उभ्या राहतात, नाक्याकडे डोळे लावून. गाडी दिसली की वळतात आणि आधण ठेवायला आत जातात. चहा थोडा उशिरा होतो. पण मामा घाई करत नाहीत. इंजिन बंद करून गाडीतच बसून राहतात, आणि भिंत न धरता आत जाणाऱ्या मामींकडे, त्या दिसेनाशा होईपर्यंत, बघत असतात.