४१७, हजर

चूक माझीच होती, हे आधी लिहितो. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही भलत्यालाच दोष द्याल. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. तरी...

गोष्टीला दहा वर्षं होत आली. नागपूरच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसला क्लार्क होतो. हजेरी मशीनवर जाणार म्हणून सगळ्या कामगारांचे तीन आकडी नंबर बदलून पाच आकडी करायचे ठरले – पहिले दोन आकडे खात्याचे, पुढचे तीन माणसाचे. जुन्या रजिस्टरवरून नवी यादी मी एकट्यानं केली. मशीन धरमपेठेत, भाड्याच्या खोलीत. आमची भोकं पाडलेली कार्डं तिथं जायची आणि महिनाअखेरीस छापील हजेरीपट यायचा.

४१७ म्हणजे भट्टीखात्यातला गजानन. दोन महिने आजारी, हुडकेश्वरला घरी पडून. नियम असा, की घरी जाऊन खात्री करायची, मगच नंबर रद्द. हुडकेश्वर तेव्हा पार गावाबाहेर. सायकल हाणत जायचा कंटाळा आला. मी नावापुढे ‘काम सोडले’ लिहिलं. नवा नंबर दिलाच नाही.

पंधरा दिवसांनी तो वारला. कामावर असताना माणूस गेला तर घरातल्या एकाला घ्यायची आमच्याकडे रीत होती. त्याची बायको सुमनबाई अर्ज घेऊन आली. पण नव्या यादीत गजानन नव्हता, म्हणजे तो कामावरच नव्हता. अर्ज परत गेला.

तिनं मलाच विचारलं, “बाबूजी, अठरा वर्षं आलेला माणूस तुमच्या कागदात काहून नाही?”

वरून आलंय, म्हणालो. नोकरी जाईल ही भीती.

त्या महिन्याच्या हजेरीपटात शेवटच्या माणसाखाली एक ओळ जास्त होती. ४१७. नाव नाही. सव्वीस दिवस, हजर.

कार्डं दोनदा मोजली. त्याचं कार्ड नव्हतंच. मशीनवाला हसला; म्हणे, तीन आकडी कार्ड तर ही मशीन थुंकून टाकते. पुढच्या महिन्यात भर दुपारी मी स्वतः मशीनपाशी उभा राहिलो. शेवटचं कार्ड आत गेलं, कप्पा रिकामा झाला... आणि छपाई थांबली नाही. एक ओळ आणखी.

मशीनवाल्यानं हळूच विचारलं, “कोण हाय जी हा?”

पाच महिने ती ओळ आली. पाचही वेळा ब्लेडनं कापून मी खिशात टाकली. सहाव्या महिन्यात साहेबांना सगळं लिहून दिलं. गजाननची नोंद दुरुस्त झाली, माझी बढती थांबली; पण सुमनबाईला मिळायची जागा तोवर दुसऱ्याला गेली होती. त्या महिन्यातही ओळ आलीच. थांबली ती मी हुडकेश्वरला जाऊन आल्यावर. असं का, ते मशीन तपासायला आलेल्या इंजिनिअरला सांगता आलं नाही, मलाही आजवर नाही.

सुमनबाई विटांच्या कामावरून नुकतीच आली होती, कोपरापर्यंत लाल धूळ. सहा पट्ट्या तिच्यापुढे ठेवल्या. वाचता येत नव्हतं, पण आकडा ओळखीचा होता. त्यावरून बोट फिरवत म्हणाली,

“पडल्यापडल्या रोज सकाळी विचारत – माहा नंबर हजेरीत लागला का वं? मी हो म्हणत जाये.”

मी दाराबाहेरच बसलो होतो. म्हणालो, “गजाननरावांनी काम सोडलं नव्हतं, बाई. ते मी न बघता लिहिलं. इथवर यायचा मला कंटाळा आला होता. मला माफ करा.”