पाण्याचं विरजण

हौसाबाईबद्दल चांगलं लिहायचं ठरवून बसलो आहे. जमेलच असं सांगत नाही, कारण ती बाई मला कधी आवडली नाही. पण पनवेलमध्ये ज्या माणसांबरोबर मी काम केलं त्यांत लिहून ठेवावं असं माणूस ते एकच, त्याला माझा इलाज नाही.

मी काशिराम, डॉक्टर दिनानाथ गुप्ते यांच्या दवाखान्यातला कंपाउंडर. ही हकीकत अठ्ठावन्न सालची. तेव्हा मला तिथे तेरा वर्षं झाली होती. रोग्याने आणलेली बाटली विसळायची, मिक्श्चर भरायचं, कागदाची पट्टी कातरून डोसाच्या खुणा करायच्या आणि ती खळीने बाटलीवर चिकटवायची, पुड्या बांधायच्या, सुया उकळायच्या, हे माझं काम. लहान मुलांच्या खोकल्याचं गुलाबी औषध मी माझ्या प्रमाणाने बनवत असे. ते न्यायला पार आपटा गावाहून बायका येत आणि म्हणत, "डॉक्टरांचं गुलाबी औषध द्या." त्यात काय किती पडतं हे डॉक्टरांनी मला एकदाही विचारलं नव्हतं. ते मला काहीच विचारत नसत.

हौसाबाई दवाखान्याची झाडलोट करायची. पळस्प्याच्या पलीकडच्या एका गावाहून रोज चालत यायची. उंच, काटक, लुगडं गुडघ्यावर कसलेलं, दात मिश्रीने काळे. नवरा मिठागरावर कामाला होता, तो तापात गेला. मूलबाळ नाही. घरामागे दिराबरोबर सामाईक असलेलं तळं होतं. त्यात त्या बाजूच्या लोकांच्या पद्धतीप्रमाणे जिताडे मासे वाढवलेले असत. पावसाळ्यात खाडीतून बोटाएवढी पिल्लं धरून आणायची, तळ्यात सोडायची आणि दोन-तीन वर्षं वाढवून मोठ्या पाहुण्याला नाहीतर लेकीच्या सासरी द्यायची. ती तळ्याबद्दल फार बोलायची. मामलेदार समोर असो की पाटीवाली, आवाज एकाच पट्टीत. मला ते खपत नसे. शिवाय फरशी पुसायला ती माझी सुयांची बादली घ्यायची.

शिमगा होऊन गेला होता. मोहल्ल्यातला झकेरिया जहाजावर खलाशी होता. त्याची आई आदल्या वर्षी न्यूमोनियातून उठली होती. तो सफरीवरून परत आला आणि तोंडाला फडकं बांधलेली काचेची बरणी त्याने डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. आत एक मासा. निळा, कडेला लाल, शेपूट आणि पर नवरीच्या पदरासारखे लांब.

"डॉक्टरसाब, आईचा जान वाचवलात तुमी," झकेरिया म्हणाला. "सिंगापूरशी आनलाय. फायटर बोलतात याला. एकटाच ठेवा, दुसरा घातलात तं मारून टाकील."

डॉक्टरांना मूल नव्हतं. तो मासा पाहून त्यांचा चेहरा असा उजळला की मी पुडी बांधायचा थांबलो. तेरा वर्षांत त्यांना असं कशाकडे बघताना मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी बाजारातल्या तसबिरी मढवणाऱ्याकडून त्यांनी पत्र्याच्या चौकटीची काचेची पेटी करून घेतली, गाढी नदीतली वाळू आणवली, विहिरीचं पाणी भरलं आणि मासा त्यात सोडला. मला म्हणाले, "काशिराम, ह्याच्याकडे तू बघ."

मी बघितलं. कंपाउंडर बघतो तसं बघितलं. दर दोन दिवसांनी मासा बरणीत काढायचो, सगळं पाणी ओतून द्यायचो, वाळू परमँगनेटच्या लाल पाण्यात घोळून सात वेळा धुवायचो, काच चुन्याने घासायचो आणि उकळून गार केलेलं पाणी भरायचो. पेटी आरशासारखी चमकायची. तरी दुसऱ्या दिवशी पाणी ताकाच्या निवळीसारखं पांढुरकं व्हायचं आणि मासा पर मिटून तळाशी पडायचा. मधूनच धडपडत वर यायचा, हवा घ्यायचा, पुन्हा तळाला. मी आणखी घासायला लागलो.

दहाव्या दिवशी मी वाळू धूत असताना हौसाबाई झाडू घेऊन मागे येऊन उभी राहिली.

"काशीभाऊ," ती म्हणाली, "तुमी पानी धुता काय?"

बाकावरचे रोगी हसले. डॉक्टर बाहेर आले आणि काय ते कळल्यावर तेही हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, तुला काय कळतं त्यातलं?

ती डॉक्टरांकडे वळून बोलायला लागली. "आमी तळं नवं खनलं का त्यात एकदम मासा सोडत नाय. आदी जुन्या तळ्यातला घमेलंभर गाळ नेऊन टाकतो. मासा पान्यातच हागनार, मुतनार. नव्या पान्याला ती घान पचत नाय, मंग ती माशाला मारते. जुन्या गाळाला घान खायची सवं असते. दह्याला विरजन लावता नं तुमी, तसंच. यांनी रोज विरजन धुवून टाकलंय."

डॉक्टर हसायचे थांबले. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं जसं मुंबईच्या मोठ्या डॉक्टरकडे बघावं. "हौसाबाई," ते म्हणाले, "हे पुन्हा एकदा सांगा." सांगा! झाडलोटीच्या बाईला अहोजाहो, आणि मी तेरा वर्षं 'अरे'.

दुसऱ्या दिवशी तिने ओल्या गोणपाटात गुंडाळून तळ्यातला एक दगड आणला. हिरवा, बुळबुळीत, वास येणारा. बरोबर मूठभर पाणवनस्पती. ज्या दवाखान्यात मी बाटलीची बुचंसुद्धा उकळून घेत होतो तिथे ती घाण डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने पेटीत ठेवली. त्या दिवसापासून मासा हौसाबाईच्या ताब्यात गेला. रोज सकाळी एक तांब्या पाणी काढायचं, आदल्या दिवशी भरून ठेवलेल्यातलं एक तांब्या घालायचं. हौदातल्या डासांच्या अळ्या दिवसाआड आणि त्याही चार-पाचच. दगडाला हात लावायचा नाही. एवढंच तिचं शास्त्र.

मासा काही लगेच सुधारला नाही. पंधरा दिवस तसाच मलूल होता आणि मी मनातून खूश होतो. डॉक्टर काळजीत पडत तेव्हा ती म्हणायची, "पानी लागतंय, सायेब. दही सारखं हलवून बगितलं तर लागंल काय?" मग हळूहळू त्याचे पर उघडायला लागले. सव्वा महिन्याने एका सकाळी पाण्यावर एका कोपऱ्यात बारीक फेसाचं घरटं दिसलं. ते त्यानेच केलं होतं. हौसाबाई म्हणाली, आता ह्यो रुळला. डॉक्टरांनी घरातून बाईसाहेबांना बोलावून आणलं आणि त्यांच्यासमोर सांगितलं, "हे सगळं हौसाबाईंचं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. का लपवू? डॉक्टरांनी एक वही सुरू केली होती. सकाळची गर्दी ओसरली की ते हौसाबाईला तळ्याबद्दल विचारत आणि वहीत लिहून घेत. एकदा मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, सतरा मिनिटं ती बोलत होती आणि ते लिहीत होते. मी टेबल पुसायच्या निमित्ताने वही उघडली. पहिलीच ओळ होती, 'हौसाबाई म्हणतात'. गुलाबी औषधाने तालुक्यातली किती पोरं खोकल्यातून उठली, पण 'काशिराम म्हणतो' असं कुठल्या वहीत नव्हतं.

घरी मी मालूला, माझ्या बायकोला, हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "एका माशापायी एवढा खार खाता?"

"माशापायी नाही," मी म्हटलं. पण मग कशापायी, हे माझ्याच्याने तिला सांगवेना.

वैशाखात हौसाबाईच्या दिराने दुसरं तळं खणायला काढलं. तिने चार दिवसांची रजा मागितली. निघताना मला म्हणाली, "काशीभाऊ, तांब्याचं तेवडं बगा. बाकी कायपन करा, पन दगड धुवू नका." सांगताना तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढचं मी साफ लिहितो. पहिल्यांदा मी वाळू धुतली ती अज्ञानाने, ह्या वेळी मला सगळं कळत होतं. दुपारी दवाखाना बंद असताना मी मासा बरणीत काढला. दगड चहाच्या पातेल्यात घालून उकळला आणि घासणीने घासला. पाणवनस्पती उकिरड्यावर टाकली. वाळू लाल पाण्यात घोळली. स्वच्छ पाणी भरलं. कोणी विचारलं असतं तर मी स्वच्छता केली एवढंच म्हणणार होतो आणि त्यात कोणाला खोट काढता आली नसती. हात चालत होते तेव्हा मला फार हलकं वाटत होतं.

संध्याकाळी डॉक्टर आले. "आज पेटी काय छान दिसतेय," ते म्हणाले आणि हौसाबाई अडवायला नव्हती म्हणून अळ्यांची चिमूट भरून टाकली. दुसऱ्या दिवशी दोनदा टाकली. मी त्यांना अडवलं नाही. तिसऱ्या दिवशी पाणी पांढुरकं झालं आणि मासा तोंड वर काढून राहिला. चौथ्या दिवशी सकाळी तो काचेला टेकून आडवा पडला होता. निळा रंग उडून राखाडी झाला होता.

डॉक्टरांनी स्वतः अंगणात जास्वंदीखाली त्याला पुरलं. त्या दिवशी ते रोग्यांशी मोजकंच बोलले.

पाचव्या दिवशी हौसाबाई आली. रिकामी पेटी तिने पाहिली. आत हात घालून दगड काढला, अंगठा त्याच्यावरून फिरवला.

"ह्यो दगड धुतलाय," ती डॉक्टरांना म्हणाली.

"कोणी?"

"काशीभाऊंनी. दुसरं कोन धुनार?"

मी बाटलीत मिक्श्चर ओतत होतो. आता डॉक्टर मला विचारतील, आणि मी 'नाही' म्हणेन, अशी मी तयारी केली होती. पण त्यांनी मला विचारलंच नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हौसाबाई, काशिरामबद्दल असं बोलू नका," ते म्हणाले. इतका कडक आवाज त्यांनी तिच्याशी कधी काढला नव्हता. "अर्ध्या तालुक्याचं औषध हा माणूस तेरा वर्षं भरतोय. एका बाटलीचं बूच उघडून मी कधी पाहिलं नाही. पाहावं असं मनातही आलं नाही. माझं नाव ह्याच्या हातावर चाललंय. तुम्ही रजेवर गेलात, मासा मेला, ते मी काही म्हटलं नाही. पण आता दुसऱ्यावर ढकलू नका."

तेरा वर्षं मी ज्याच्यासाठी झुरत होतो ते असं भर दवाखान्यात, रोग्यांसमोर माझ्या पदरात पडलं. अंगावर मूठभर मांस चढायला हवं होतं. चढलं नाही. ते मला काही विचारत नसत त्याचा अर्थ हा होता, आणि तो मला कळला तेव्हा मी एक दगड उकळून बसलो होतो. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. बोललो नाही. बाटलीला बूच लावलं.

हौसाबाईने वाद घातला नाही. दगड पदरात बांधला, झाडू कोपऱ्यात उभा केला आणि बाहेर पडली. मी तिच्या मागोमाग पायरीपर्यंत गेलो. काय बोलणार होतो ते माझं मलाच माहीत नव्हतं. ती थांबली.

"काशीभाऊ, त्यांनी तुमाला इचारलं बी नाय," ती म्हणाली. तिला राग आलेला दिसत नव्हता. तिला खरंच नवल वाटत होतं. "येवडा भरवसा माज्यावं जल्मात कोनी ठेवला नाय. तुमच्यापाशी येवडं असताना तुमी माजा हेवा कशाला केलात?"

ती पळस्प्याच्या रस्त्याने निघून गेली आणि पुन्हा दवाखान्यात आली नाही. त्या नव्या तळ्यातले जिताडे चांगले वाढले असं तिच्या गावचे रोगी सांगत. तीन वर्षांपूर्वी ती वारली. डॉक्टर गेल्या साली गेले. मी दोघांनाही काही बोललो नाही.

फक्त एक झालं. त्या दिवसापासून बाटली रोग्याच्या हातात देण्याआधी मी बूच काढून दोनदा वास घेऊन बघायला लागलो. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. एकदा जवळ येऊन, पाठीवर हात ठेवून म्हणाले, "काशिराम, कशाला पुन्हा पुन्हा बघतोस? तू भरली आहेस ना?"