शनिवारची कॉमेंट्री

"परत सांग. हळू सांग." सामन्याआधी काका चेंजिंग रूमच्या दारात उभे राहायचे आणि प्रत्येक खेळाडूकडून त्याचं नाव वदवून घेऊन वहीत देवनागरीत लिहायचे. वेल्श नावं तर तीनतीनदा. तुम्ही पाहिलं असतंत, तर तोंडी परीक्षा चाललीय असंच वाटलं असतं.

इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या आमच्या कॉलेजात ते फिजिक्स लॅबमध्ये टेक्निशियन होते, मी लायब्ररीत. ऐंशीच्या दशकापासून कॉलेज रेडिओवर दर शनिवारी रग्बीची कॉमेंट्री त्यांचीच. "माझं नाव इथे सगळ्यांनी मोडून ठेवलंय," ते म्हणायचे. "या पोरांचं तरी नीट घेऊया."

नव्वद सालानंतर त्यांना काचबिंदू झाला. "कुणाला बोलू नकोस हं. रेडिओ सुटला तर शनिवारी मी करू काय?" असं म्हणून त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. मी खेळाडूंच्या पाठीवरचे नंबर त्यांच्या कानात सांगायची. नावं त्यांना पाठ असत.

एका फेब्रुवारीत मैदानाचा नुसता चिखल झाला होता. एकमेकांवर पडलेल्या खेळाडूंमधून एकजण उठलाच नाही.

"कोण?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"सात."

सात नंबरची बहीण हॉस्टेलवर राहायची, रेडिओवरचा एकही सामना चुकवायची नाही. काका वाऱ्याबद्दल बोलू लागले, ढगांबद्दल, अँब्युलन्सला गेट उघडून देणाऱ्या माळ्याबद्दल. हेडफोनमधून स्टुडिओतल्या विद्यार्थ्याने धोशा लावला होता, "नेम प्लीज! नेम!" काकांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. नाव त्यांनी घेतलं नाही.

स्ट्रेचर आमच्यासमोरून गेलं, तेव्हा मला दिसलं. सात नंबर स्ट्रेचरची कड धरून चालत होता. पडला होता तो एक नंबर. चिखलाने इंग्रजी एकचा सात करून मला फसवलं होतं.

मी काकांना ते सांगितलं. "आधी पोरगा कसा आहे ते विचार," एवढंच ते म्हणाले. खांद्याचं हाड मोडलं होतं, बाकी ठीक होता.

सोमवारी ते रेडिओच्या मुलांकडे गेले आणि डोळ्यांचं सगळं सांगून टाकलं.

"काका, चूक माझी होती," मी म्हणाले.

"जबाबदारी तुझ्यावर टाकली होती ना मी."

पुढच्या शनिवारी दुसराच कुणीतरी बोलत होता. काका मैदानाच्या दोरीपाशी कान देऊन उभे होते, मी शेजारी.

"बॉल कुठाय गं?"

तो आमच्याच दिशेने येत होता, मागून पाचसहा जण धावत. मी काकांचा दंड धरला आणि त्यांना मागे ओढलं.