चौथी आवृत्ती गाऊ लागली तेव्हा

मंगळवारी सकाळी रामटेके सर गेले. शाळेचा शिपाई निरोप घेऊन वाचनालयात आला, तेव्हा मी नव्या पुस्तकांची नोंद करत होतो. त्याला आता पाच आठवडे होतील.

सर जवाहरनगरजवळच्या शाळेत गणित शिकवत आणि मी तिथल्याच वसाहतीतल्या वाचनालयाचा ग्रंथपाल. शाळेत संगणक आला, त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सरांनी माझ्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. पुस्तकाचं नाव टाइप केलं की पडद्यावर कपाटाचा क्रमांक यायचा. त्या दिवशी मी एकामागून एक नावं विचारत सुटलो, जेवायचंही भान राहिलं नाही. सर मात्र वही उघडून बसले होते. ‘आवृत्ती पहिली’ असं लिहून विचारते झाले, “भाऊ, चूक सापडली का? कौतुक मंग करा.” मागेल त्याला प्रोग्रामच्या सगळ्या ओळी उतरवून घेऊ द्यायच्या, हा त्यांचा नियम. प्रत्येक आवृत्तीत काय बदललं आणि चूक कोणी दाखवली, ते वहीत नावानिशी लिहायचे. नवी आवृत्ती रविवारी सकाळी चहा-चिवड्यासोबत निघे, आणि ज्याची मागणी किंवा ज्यानं दाखवलेली चूक, त्यानंच पहिलं बटण दाबायचं. आम्ही सणासारखी त्या रविवारची वाट पाहत असू.

प्रोग्राम साध्या गाण्याच्या कॅसेटवर साठवलेला असे. चौथ्या आवृत्तीची एकुलती एक कॅसेट मी सांभाळायला घरी नेली... आणि मेहुण्याच्या हळदीला घरच्यांनी गाणी रेकॉर्ड करायला तीच टेपमध्ये घातली. रविवारी सगळ्यांसमोर सरांनी ती लावली, तर प्रोग्राम चढतानाच्या नेहमीच्या किरकिरीऐवजी बायकांची गाणी सुरू झाली. “अरे, चौथी तं गाऊन राहिली!” सर टेबलावर हात आपटून हसले. मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं. सरांनी त्या आवृत्तीवर अख्खा हिवाळा घातला होता. “काहून घाबरता भाऊ? चिखल्याले आहे न आपली चौथी.” चिखल्याच्या पटले गुरुजींनी सगळ्या ओळी आधीच हातानं उतरवून नेल्या होत्या. त्यांच्या गावात संगणक नव्हता, तरी ते त्या ओळींवर बोट ठेवून वाचत बसत. आम्ही एसटीनं चिखल्याला गेलो. गुरुजींनी वही पुढे केली आणि संकोचत म्हणाले, “सर, एका नावाची दोन पुस्तकं असली, तं दुसरं दिसत नाही तुमच्यात. म्या दोन ओळी वाढवल्या. चालते का?” सरांनी त्या ओळी दोनदा वाचल्या आणि उठून त्यांना मिठीच मारली. जे गेलं होतं, त्याहून चांगलं परत आलं होतं! वहीत नोंद झाली: ‘आवृत्ती पाचवी. सुधारणा, पटले गुरुजी. निमित्त, ग्रंथपालांच्या घरची हळद.’

सहाव्या आवृत्तीची मागणी माझी होती. पुस्तक सध्या कोणाकडे आहे, ते पडद्यावर दिसावं. ती अर्ध्यावर असताना सर आजारी पडले. शेवटचा भेटलो तेव्हा वाचनालयाचं ताऱ्यांवरचं पुस्तक त्यांच्या उशाशी होतं. त्यांनी सहावीच्या अर्ध्या ओळींसकट वही माझ्या हातात दिली. “सहावी आता तुमची.”

“सर, मले कुठं येते हे?”

“वाचता येते न? मंग झालं.”

मी वाचत गेलो. अडलं तिथे पटले गुरुजींना विचारलं, ते तीन रविवार चिखल्याहून आले. गेल्या रविवारी आम्ही चहा-चिवडा मागवला. मागणी माझी, म्हणून बटण माझं. “दाबा न ग्रंथपाल, कायले थांबले?” गुरुजी म्हणाले. मी ताऱ्यांवरच्या पुस्तकाचं नाव टाइप केलं आणि बटण दाबलं. क्षणभर पडदा कोरा राहिला... मग इंग्रजी अक्षरांत उत्तर उमटलं: रामटेके.

“चालली!” गुरुजी ओरडले. मी वहीत सहावी आवृत्ती लिहिली.

पुस्तक सरांच्या घरीच आहे. मी ते परत मागितलेलं नाही.