दिगूच्या मनाची तपासणी

विचारलंच आहे तुम्ही, तर सांगतो. मी जन्मात फार बोललो नाही. एकदाच जास्त बोललो, आणि तेवढ्यात पोटच्या पोराला वेडा ठरवून बसलो!

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. दुसरबीडच्या पलीकडं आमचं गाव. वांगी, मेथी पिकवायची आणि देऊळगाव राजाच्या बाजारात न्यायची, हा माझा धंदा. शाळेत पोरांचे डोळे, दात तपासायला माणसं येत. त्या साली नागपूरहून एक डॉक्टरीणबाई आल्या. कशाला? तर पोरांचं मन तपासायला! लहानपणीच दोष सापडला तर इलाज सोपा जातो म्हणे. बापांनाही बोलावणं होतं.

गावात एकच बोलणं. ज्याच्यात खोट निघेल त्याला नागपूरच्या वेड्यांच्या दवाखान्यात नेणार. एकदा तिकडं गेलेल्या पोराला पुढं पोरगी कोण देणार?

मला कसली भीती? माझा दिगू नऊ वर्षांचा. त्याच्याइतकं वळणाचं पोरगं तालुक्यात नव्हतं.

माझ्या आधी शेजारचा किसना बसला. त्यानं रडगाणं सुरू केलं. "बाई, आमचा गज्या दिवसभर कावकाव करते. माह्या पाठीवर चढून बसते. मले उलटून बोलते."

बाई हसल्या. "छान आहे की!"

छान? याला छान म्हणतात, तर माझं ऐकून पेढे वाटतील, असं मला वाटलं. मी पागोटं नीट केलं, मिशीला पीळ दिला आणि छाती काढून बसलो.

"दिगंबर घरी बोलतो का?"

"माह्यासमोर? एक शबूद नाही."

बाईंचं हसू थांबलं. छाप पडली, मी म्हणालो मनात.

"हसतो?"

"हसाचं काय काम हाय?"

"खेळतो?"

"मी घरात पाय ठेवला की कोपऱ्यात बसते. मान खाली. हालत नाही."

"काही मागतो? हट्ट करतो?"

"नाव नका काढू! ताटात पडलं ते खाते. भाजीत मीठ नसलं तरी खाते, बाई!"

दारातून किसना ऐकत होता. मला चेव आला. "मागं त्याले इंचू चावला. हूं नाही की चूं नाही!"

विंचू कधी चावलाच नव्हता. पण चावला असता तर पोरगं ओरडलं नसतं, एवढी मला खात्री होती.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. बाजूला बसलेल्या शाळेच्या गुरुजींना हळूच म्हणाल्या, "या मुलाला नागपूरला न्यावं लागेल."

काय सांगू, मी ताडकन उठलो.

"काऊन बाई? एवढं गुणाचं पोरगं!"

"भाऊ, नऊ वर्षांचं मूल बोलत नाही, हसत नाही, खेळत नाही. विंचू चावला तरी रडत नाही. याला गुण म्हणायचं?"

आता विंचू खोटा म्हणावं तर इज्जत जाते. न म्हणावं तर पोरगं जातं! शेवटी घसा साफ करून म्हणालो, "इंचवाचं खोटं होतं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं... खरं."

गुरुजींनी दिगूला आत आणलं. बाईंनी नाव विचारलं. पोरानं माझ्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं. बोलेना.

"बोल बे!" मी ओरडलो.

पोरानं मान आणखी खाली घातली.

"हास! हास म्हणलं ना!"

पोरानं असं तोंड केलं की बाईंनी त्याला पाणी दिलं.

"बरं, नाच तरी!"

पोरगं हलायला लागलं. मी म्हणालो, "पाहा बाई, नाचून राह्यला!"

"तो थरथर कापतोय," बाई म्हणाल्या. "तुम्ही जरा बाहेर थांबा."

दार लागलं. मी, किसना आणि गुरुजी लिंबाखाली उभे राहिलो. आधी आतून काहीच ऐकू येईना. मी गजानन महाराजांना नवस बोललो. मग दिगूचा आवाज आला. मग एक जाडा, खरखरीत आवाज: "कोण हसलं बे? काऊन हसलं? वांगे काय हसून पिकतेत?"

मी चमकलो. "गुरुजी, आत दुसरं कोण हाय?"

गुरुजींना खोकला आला.

थोड्या वेळानं बाई डोळे पुसत बाहेर आल्या. रडून नाही, हसून! "मुलगा ठणठणीत आहे. नागपूर-बिगपूर काही नको. तुमच्यासमोर तेवढा गप्प असतो. नकला मात्र फार झकास करतो."

जिवात जीव आला. पण मला चैन कुठली? "नकला? कोणाच्या?"

गुरुजींनी किसनाकडं पाहिलं. किसना म्हणाला, "गणपतीच्या मांडवात कोळशाच्या मिशा काढून, पागोटं घालून कोण खेकसत होतं बे? तुहाच दिगू!"

मला आठवलं. मी पहिल्याच रांगेत होतो. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो होतो. 'पुन्हा एकदा' म्हणून ओरडलोही मीच. वर किसनाला कोपर मारून विचारलं होतं, "असा बाप कोणाच्या नशिबी आला बे?"