माळ्यावरचा कापूस

अंजनाबाई मेश्राम टोचणीची पेटी खांद्याला लावून गल्लीत शिरल्या की बायका आधी त्यांच्या तोंडाकडे बघत आणि लगेच नजर वळवत. लहानपणी आलेल्या देवीनं त्यांचे गाल खणून ठेवले होते. महापालिकेत देवी टोचायची नोकरी लागली तरी लोकांचा समज गेला नाही. "हेच बाई घेऊन फिरते मातेले," असं पाठीमागून ऐकू यायचं. त्या मागं वळत नसत.

त्यांची खरी ख्याती होती नाकाची. घरात देवी आली की चूल पेटते, पण फोडणी बंद होते, ही जुनी रीत. ऐन जेवणाच्या वेळी ज्या घरातून मोहरी-जिऱ्याचा वास येत नसे, त्या घराची कडी अंजनाबाई वाजवत. लपवलेले चार रोगी त्यांनी असेच शोधून काढले होते.

अडुसष्ट सालच्या चैत्रात दोन रोगी सापडले. एक इतवारीतली प्रेमिला, लग्नाला महिनाही न झालेली. दुसरा धंतोलीतला एक कंपाउंडर. दोघांची ओळख नाही, येणंजाणं नाही. आरोग्याधिकारी चक्रावले. अंजनाबाईंनी मात्र दोन्ही खोल्यांत एकच गोष्ट पाहिली : लाल पट्ट्यांची कोरी गादी. विचारलं, तर दोन्हीकडून एकच उत्तर. नत्थू गादीवाल्याकडची.

त्याची गल्ली त्यांना ठाऊक होती. माघात तिथंच ओट्यावर उभं राहून त्यांनी सरकारी पत्रक वाचून दाखवलं होतं. देवीचा रोगी लपवला, त्याचे कपडे-अंथरूण दुसऱ्याला दिलं, तर गुन्हा. तुरुंग होऊ शकतो. ऐकल्याबद्दल प्रत्येक घरच्यानं अंगठा दिला होता. नत्थूनंही.

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता त्या तिथं पोचल्या. ऊन असं की कुत्रंही रस्त्यावर नव्हतं. नत्थूची कापूस पिंजायची धुनकी बंद होती. एरवी तिचा टणत्कार चौकापर्यंत यायचा.

त्यांनी गल्लीत पाऊल टाकलं आणि पहिल्या बंद दारामागं चर्र झालं. मोहरी तडतडली. मग दुसऱ्या घरात. तिसऱ्यात. जेवणं कधीचीच उरकली होती, भांडी घासून उपडी पडली होती, आणि गल्लीतली सगळी घरं एकामागून एक फोडणी देत होती. कुठं बोलणं नाही, बांगडी वाजत नाही. दारं लावलेली, आणि आत नुसती तडतड. त्यांच्या नाकाची गोष्ट इथवर पोचली होती तर. ठसक्यानं डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या उन्हात हातावर काटा उभा राहिला. परत फिरावं असं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं.

नत्थूचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत अंधार. तो चुलीपुढं उकिडवा बसला होता. कढईतली मोहरी जळून कोळसा झाली होती, तरी तो मुठीनं आणखी टाकत होता.

"नत्थूभाऊ, कोन बिमार आहे गा घरात?"

"कोनी नाही. बायको माहेरी गेली."

"मंग फोडणी कायची देऊन राहिला?"

"वरनाची."

"वरन कुठं आहे?"

नत्थूनं कढईत पाहिलं, मग इकडंतिकडं, जणू वरण आत्ता इथंच होतं. तेवढ्यात वरच्या फळ्या करकरल्या आणि फटीतून कापसाचा एक पुंजका तरंगत खाली आला.

अंजनाबाई शिडी चढल्या. माळा छतापर्यंत कापसानं भरला होता, आणि झरोक्याजवळचा ढीग हलत होता. त्यातून एक हात वर आला. पांढरा, केसाळ, माणसाचा न वाटणारा. अंगभर सुकलेल्या खपल्यांना कापूस चिकटून बसला होता. तोंडही त्यात बुडालेलं. फक्त एक डोळा उघडा होता.

"दार लावा वं," ती नत्थूची बायको प्रयागबाई म्हणाली. "कापूस उडते."

खाली नत्थू अजून मोहरी टाकत होता.

सात गाद्या विकल्या गेल्या होत्या. सहा सापडल्या, मैदानात रॉकेल ओतून जाळल्या. सातवी कुणी नेली ते नत्थूला सांगता आलं नाही. कंपाउंडर वाचला. प्रेमिला अकराव्या दिवशी गेली.

कोर्टात अंजनाबाईंनी पत्रकावरचा अंगठा दाखवला. मॅजिस्ट्रेटनी नत्थूला विचारलं, "कायदा माहीत होता?"

"होता साहेब."

"मग तिला कापसात का ठेवलं?"

"खाली चटई टोचे तिले. रातदिवस रडे."

"आणि तोच कापूस गाद्यांत भरलास?"

"लग्नाच्या गाद्या सांगून ठेवल्या होत्या. दुसरा कापूस नव्हता." थोडं थांबून तो म्हणाला, "वरचा वरचा घेतला, साहेब."

चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

पावसाळा सरता सरता प्रयागबाई त्यांच्या दारात आली. एक डोळा गेलेला, तोंडावर ताजे वण. अंजनाबाईंनी तिला आत घेतलं, चहा ठेवला. दोघी समोरासमोर बसल्या.

"थे सुटून आले, पन बोलत नाही," प्रयागबाई म्हणाली. "गल्लीतलं बी कोनी सांगत नाही. कोनी मेलं का वं, बाई?"

"मेली एक. प्रेमिला नाव होतं. इतवारीतली."

प्रयागबाईनं कप खाली ठेवला.

"हिरवा चुडा होता तिले? सासूसंगं आली होती, गादी पाहाले?"

"असंल. नवी नवरीच होती."

"मी वरतून पायलं तिले, झरोक्यातून. ओट्यावर गादी टाकली होती. तिनं तिच्यावर बसून पायलं, मंग हासली. तवा मले बोलता येत होतं, बाई."

चहावर साय धरत गेली. प्रयागबाई उठली, पदर तोंडावर ओढून घेतला आणि प्रेमिलाच्या सासरचा पत्ता विचारला. अंजनाबाईंनी तो सांगितला, आणि ती कोपऱ्यावर वळेपर्यंत त्या दारातच उभ्या राहिल्या.